राहुट्यांचं नाट्यगृह

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की चाकण, राजगुरुनगर, मंचर, कळंब अशी गावं मागे टाकत सुमारे ७५ किलोमीटरवर मीना नदीकाठचं नारायणगाव येतं. मंचर-कळंब आंबेगाव तालुक्यात, त्यापुढे जुन्नर. या दोन तालुक्यांत बाहेरचा माणूस येतो तो बहुतेक करून दगड पाहायला. शिवनेरी आहे, लेण्याद्री आहे, मानमोडीची आणि तुळजा लेणी आहेत, पलीकडे नाणेघाट आहे. जुन्नरच्या आसमंतात दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. इतक्या दगडी पुराव्याला सरावलेल्या डोळ्यांनी इथल्या नाटकाचा इतिहासही एखाद्या वास्तूतच शोधावा, हे साहजिक आहे. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं आणि आज तिथे त्यांच्या नावाचं नाट्यमंदिर उभं आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर बांधलं, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. जुन्नर-आंबेगावात त्या तोडीची जुनी इमारत दाखवता येत नाही. तरीही तमाशाचा महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा बाजार भरतो तो याच रस्त्यावर, नारायणगावात. म्हणून इथल्या रंगभूमीला इमारत नाही ही तिची उणीव आहे, असं मी मानत नाही. इथलं नाट्यगृह तंबू, कनात, रस्ता, तिथी आणि ठराव यांचं बनलेलं आहे. ते पाडता येत नाही, पण बंद पाडता येतं, आणि गेल्या काही वर्षांत ते बंद पाडण्याचं काम आपण फारसा विचार न करता करत आलो आहोत.

होळीच्या आगेमागे नारायणगावात रस्त्याच्या कडेला राहुट्या पडतात. दर्शनी बाजूला फडाचा मोठा रंगीत फलक असतो. त्यावर मालकाचं किंवा मालकिणीचं नाव, त्याला जोडून गावाचं नाव, मग ‘सह’ लिहून दुसऱ्या नामवंताचं नाव, आणि खाली ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’. आत चार खुर्च्या, एक टेबल, हार घातलेली तसबीर, कापडी भिंतीला टाचलेलं कॅलेंडर आणि एक जाड वही. फडाचा व्यवस्थापक या वहीमागे बसतो आणि गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं जीपगाड्यांतून येऊन त्याच्यासमोर बसतात. यंदा वग कोणता, सोंगाड्या कोण, नाचकाम करणाऱ्या किती, ढोलकीला कोण, लाइट-साउंड कसं, गाड्या किती, हे सगळं विचारून होतं. मग ती माणसं शेजारच्या राहुटीत जाऊन तेच प्रश्न विचारतात आणि पुन्हा पहिल्या राहुटीत येतात. रक्कम ठरली की इसार दिला जातो, सुपारी होते आणि वहीत एक ओळ पडते: गाव, तिथी, रक्कम. गुढीपाडव्याच्या दिवशी इथे सर्वांत जास्त गर्दी असते, कारण चैत्र-वैशाखातल्या यात्रा तोंडावर आलेल्या असतात. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात ते याच बाजारामुळे.

इमारत का नाही, याचं उत्तर त्या वहीतच आहे. एका गावाला तमाशा हवा असतो वर्षातून एक रात्र, फार तर दोन. ग्रामदैवताची यात्रा ठरलेल्या तिथीला, वर्गणी त्या तिथीपुरती, लेकी-सुना आणि मुंबई-पुण्याला गेलेली माणसं गावात येणार ती त्याच दोन दिवसांत. एवढ्यासाठी कोणतंही गाव थिएटर बांधणार नाही, आणि बांधलं तरी उरलेलं वर्षभर ते ओस पडेल. फडाचं गणित याच्या नेमकं उलट आहे. शंभराच्या घरातली माणसं, ट्रक, तंबू, जनरेटर असा संसार घेऊन दसऱ्याला बाहेर पडलेल्या फडाला वैशाखापर्यंत जवळजवळ रोज रात्री खेळ लागतो. एकाच गावात बसून तो भागणार नाही. एकीकडे एका रात्रीची मागणी असलेली शेकडो गावं, दुसरीकडे शेकडो रात्रींची गरज असलेले मोजके फड. या दोघांना जोडणारी गोष्ट चालती असावी लागते, आणि दोघांनी भेटायचं ठिकाण मात्र ठरलेलं असावं लागतं. तिथीप्रमाणे भाव चढतो-उतरतो तोही यामुळेच. चैत्रातल्या कालाष्टमीला भैरवनाथाच्या यात्रा कितीतरी गावांत एकाच दिवशी येतात, त्या रात्रीसाठी चढाओढ लागते. आडदिवशी तोच फड बराच कमी घेतो. हा सगळा व्यवहार नारायणगावात यावा हेही भूगोलाला धरून आहे. पुणे-नाशिक रस्ता इथून जातो, थोडं पुढे आळेफाट्याला त्याला कल्याणहून माळशेज घाट चढून आलेला आणि नगरकडे जाणारा रस्ता छेदतो. देश, खानदेश आणि कोकण या तिन्हींकडून इथे येणं सोपं आहे.

ही वाटेवरची जागा असणं जुन्नरला नवं नाही. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारात यायचा. जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख वाचले तर दान देणाऱ्यांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणी दिसतात, यवनही दिसतात. म्हणजे ज्या दगडाला आपण अचल म्हणून नमस्कार करतो, तो कोरण्याचा पैसा चालत्या वाटेवरून आला होता. नाणेघाटाच्या लेण्यात सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्या मूर्ती होत्या. आज त्या मूर्ती नाहीत. वर कोरलेली नावं आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. टिकण्याच्या बाबतीत दगड सगळ्यांत भरवशाचा, असं ठामपणे म्हणणाऱ्याने ती भिंत जवळून पाहावी. आणखी जवळचं उदाहरण आंबेगावचं आहे. ज्या गावामुळे तालुक्याला आंबेगाव हे नाव मिळालं, ते मूळ गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. गावच्या भिंती पाण्याखाली गेल्या, माणसं उठून दुसरीकडे वसली. माणसांबरोबर देव हलतो, देवाबरोबर यात्रा हलते आणि यात्रेबरोबर तमाशा हलू शकतो. इमारत तेवढी हलत नाही.

या युक्तिवादाला एक बाजू अशी आहे की ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. तंबू ही केवळ सोय होती असं म्हटलं तर जातीचा प्रश्न झाकला जातो. तमाशा उभा केला तो मांग, महार, कोल्हाटी, गोपाळ अशा समाजांतल्या कलावंतांनी. नारायणगावचं नाव महाराष्ट्रभर नेणाऱ्या फडाचं नावच ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ असं होतं. या माणसांकडे गावठाणात जागा नव्हती, जमीन नव्हती, आणि कर्ज काढायला गहाण टाकण्यासारखं काही नव्हतं. वेशीच्या आत ज्यांना घर बांधता येत नव्हतं, ते थिएटर कुठे बांधणार होते? हे पूर्ण खरं आहे, आणि ते मान्य करूनच मी पुढचं म्हणतो. वंचना हे या रंगभूमीच्या जन्माचं एक कारण आहे. पण त्या वंचनेतून कलावंतांनी जी व्यवस्था घडवली ती तेवढीच त्यांच्या बुद्धीची कमाई आहे. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, ही रचना बघा. पडदा पाडावा लागत नाही, देखावा बदलावा लागत नाही. सोंगाड्या दोन पावलं फिरला की राजवाडा संपून जंगल सुरू होतं. मोकळ्या रानात हजारोंच्या समोर शब्द पोचवायचा तर ढोलकी, हलगी आणि तुणतुण्यावर उभी राहणारी खडी गायकी लागते, ती तयार झाली. सकाळी गावात फडाच्या हजेऱ्या होतात, म्हणजे रात्रीचा मंच सोडून कला थेट चावडीसमोर, देवळासमोर येते. चार भिंतींत जन्मलेल्या नाटकाला हे जमत नाही.

भाऊ मांग यांची लेक विठाबाई. १९३५ मध्ये जन्मली, वडिलांच्या आणि चुलत्याच्या फडात वाढली आणि पुढे ज्या कोणत्या गावात तंबू पडेल तिथे तिच्या नावावर गर्दी लोटू लागली. चीनच्या युद्धाच्या वेळी जवानांसमोर तिने कला सादर केली. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला. तिच्याबद्दलची जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, ती खेळ चालू असताना मंचामागे बाळंत होऊन, दगडाने नाळ तोडून पुन्हा मंचावर येण्याची. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. ती जिद्दीची आहेच. पण रंगमंचाच्या मागे कापडाच्या आडोशापलीकडे काहीच नव्हतं, हेही तीच गोष्ट सांगते. १५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेली तेव्हा तिची अखेरची वर्षं हलाखीत गेलेली होती. २००६ पासून राज्य सरकार तिच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्कार हवाच. पण तो एका माणसाला मिळतो, बहुधा त्याचं उमेदीचं वय उलटल्यावर. ज्या व्यवस्थेत ती माणसं उभी राहिली, तिच्या पदरात तो काही टाकत नाही.

कोणी म्हणेल, तमाशाला थिएटरं नव्हती हे खरं नाही. पुण्यात आर्यभूषण थिएटर आहे. मुंबईत पिला हाउसच्या परिसरात तमाशाचे खेळ होत, लालबागच्या हनुमान थिएटरने गिरणगावाची करमणूक केली. दौंड तालुक्यात चौफुल्याला कला केंद्रं आहेत. हे सगळं बरोबर आहे, पण त्यातून माझं म्हणणं उलट घट्ट होतं. पुणे, मुंबई आणि हमरस्त्यावरचं चौफुला, इथे प्रेक्षक रोज नवा येतो आणि कलावंत एका जागी बसून पोट भरू शकतो. म्हणून तिथे इमारत परवडली. तिथे मुख्यतः रुजली ती संगीत बारी, बैठकीची लावणी आणि अदाकारी. ढोलकी फडाचा वग लांब पल्ल्याचा, माणसं पुष्कळ लागणारा, आणि त्याचा प्रेक्षक गावात बसलेला. गिरण्या होत्या तोवर हा प्रेक्षक मुंबईत एकवटला होता, म्हणून फड मुंबईच्या थिएटरांत जाऊन राहत. गिरण्या बंद पडल्या, कामगार पांगला आणि लालबागचं थिएटरही इतिहासजमा झालं. फड मात्र पुन्हा गावाकडच्या यात्रांवर जगले. तगून राहण्याची ताकद कुठे होती ते यावरून दिसतं.

सत्तेलाही हे चालतं नाट्यगृह कधी नीट आवरलं नाही. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने इंग्रज सरकारने नाटकं बंद केली, त्यात १९१० मध्ये खाडिलकरांचं ‘कीचकवध’ गेलं. पण रोज नव्या गावात पडणारा फड, तोंडी चालणारी बतावणी आणि आयत्या वेळी सुचलेला टोला यांना कायद्याच्या कलमात बसवणं अवघड होतं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीने तमाशाचाच घाट उचलून जलसे काढले ते त्यामुळेच. याच जुन्नर तालुक्यातलं ओतूर, डुंबरे पाटलांचं गाव, त्या चळवळीचं ठाणं होतं. पुढे आंबेडकरी जलसे आले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख आले. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी घातली आणि नंतर संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठवली. तेव्हाही फड मोडले नाहीत. बंदीने जे साधलं नाही, ते अलीकडे घड्याळाने साधत आणलं आहे.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतला दंडक. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. आजारी माणसं, परीक्षेची मुलं, म्हातारी माणसं यांना रात्रीची झोप मिळावी हा हेतू रास्त आहे, आणि मी तो नियम मोडावा असं म्हणत नाही. पण नियमातच राज्य सरकारला वर्षातले पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा आहे. ते पंधरा दिवस सगळ्या जिल्ह्याला सरसकट लागू होतात आणि बहुतांशी गणपती, नवरात्र, शिवजयंती अशा शहराच्या सोयीच्या सणांना जातात. यात्रा तशी सरसकट येत नाही. या गावची आज, त्या गावची आठवड्याने. एका गावाला वर्षभरात एकच रात्र लागते, पण ती त्या पंधरांत बसत नाही. परिणाम असा की माणसं शेतातली कामं आणि दिवसाची यात्रा उरकून जेवून तंबूपाशी येईपर्यंत नऊ वाजतात, गण-गवळण होते, चार गाणी होतात आणि वगाला कात्री लागते. वग गेला की फडाला चांगला सोंगाड्या, चांगला लेखक, राजा-प्रधान करणारी माणसं पोसायचं कारणच उरत नाही. उरतात फक्त सिनेमाची गाणी. आणि मग तमाशात आता सिनेमाची गाणीच उरली, अशी तक्रार आपणच करतो.

याच यात्रांत दिवसा काय होतं ते बघितलं म्हणजे ही गोष्ट अधिक टोचते. जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात यात्रेचं दिवसाचं आकर्षण म्हणजे बैलगाडा शर्यत. त्यासाठी गावोगावी कायमचे घाट आहेत: चढाची लांब धावपट्टी, दोन्ही बाजूंना लोक, पुढे धावणारी घोडी, घड्याळ लावून मोजलेले सेकंद. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली तेव्हा हा सगळा पट्टा पेटून उठला. सगळ्या पक्षांचे पुढारी एकत्र आले, विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना वाट मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. शेतकऱ्याला बैलाची जी ओढ आहे ती मला कळते आणि या लढ्यातली चिकाटी दाद देण्यासारखी आहे. पण यात्रा एकच, गाव तेच, वर्गणीची पावती तीच. त्या यात्रेतल्या दिवसासाठी कायदा बदलला गेला आणि रात्रीसाठी तशी एकजूट झाली नाही. दिवस जमीनवाल्यांचा होता आणि रात्र भूमिहीन कलावंतांची होती, याखेरीज या फरकाचं दुसरं कारण मला सापडत नाही.

नारायणगावात तमाशासाठी एक भव्य कलाभवन बांधून द्यावं, म्हणजे सगळे प्रश्न सुटतील, असं सुचवणारी माणसं हितचिंतकच असतात. इमारतीने प्रतिष्ठा येते हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा कलावंत त्या राखेसमोर उभे राहून रडले आणि पुनर्बांधणीची घोषणाही लागलीच झाली. शोक करायला जागा होती, म्हणून मदतीलाही पत्ता होता. आता २०२० चा गुढीपाडवा आठवा: २५ मार्च, देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. वर्षाची सर्वांत मोठी सुपारी ज्या दिवशी फुटायची, नेमका तोच. त्या वर्षीच्या यात्रा गेल्या, पुढच्या वर्षीच्याही गेल्या. मालकांवर सावकारी कर्ज चढलं, उचल घेतलेले कलावंत मजुरीला गेले, तंबू गुंडाळलेले राहिले. मे २०२१ मध्ये करोनाच्या त्याच साथीत ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर गेल्या. हे नुकसान एका रात्रीत जळालेल्या नाट्यगृहाहून लहान नव्हतं, पण ते दिसलं नाही. म्हणून कलाभवन हवं असेल तर जरूर व्हावं; त्यात तालीम व्हावी, दौऱ्यावर असलेल्या कलावंतांच्या मुलांसाठी वसतिगृह असावं, म्हातारपणी टेकायला खोली असावी. मात्र त्यात खेळ करून तमाशा वाचेल ही समजूत सोडावी लागेल. नारायणगावच्या सभागृहात वर्षातून दोन महोत्सव झाले तरी पारगावच्या, बेल्ह्याच्या, लोणी-धामणीच्या यात्रेतली रात्र त्यातून परत मिळत नाही.

मागायच्या गोष्टी याहून साध्या आणि स्वस्त आहेत. राहुट्यांसाठी रस्त्यालगत हक्काची, राखीव जागा, तिथे पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृहं. गावच्या यात्रेच्या तिथीला, त्या गावापुरती, मध्यरात्रीपर्यंतची सवलत. त्यासाठी पंधरा दिवसांचा हिशेब जिल्ह्याऐवजी गावनिहाय धरण्याचा पाठपुरावा राज्याने केंद्राकडे करावा. इसाराच्या व्यवहाराला छापील करार, म्हणजे पावसाने किंवा भांडणाने खेळ मोडला तर नुकसान एकट्या फडाच्या गळ्यात पडणार नाही. आणि त्या वह्या. कोणत्या गावाने कोणत्या साली कोणत्या तिथीला कोणता फड किती रुपयांना नेला, कोणत्या वर्षी दुष्काळामुळे यात्रा साधी झाली, धरणाचं पाणी आल्यावर कोणत्या गावांची सुपारी वाढली, वगाची मागणी कधीपासून घटली, हे त्यांच्याखेरीज कुठेही लिहिलेलं नाही. हंगाम संपला की जुन्या वह्या माळ्यावर जातात, मग रद्दीत. जुन्नर, मंचर, घोडेगाव, नारायणगाव इथे महाविद्यालयं आहेत, त्यांत मराठीचे आणि इतिहासाचे विद्यार्थी आहेत. फडमालकांच्या संमतीने या वह्यांची छायाचित्रं काढून घ्यायला एक पाडवा पुरेल, आणि ज्यांच्या हाताने त्या लिहिल्या ते व्यवस्थापक अजून राहुटीत बसतात, अक्षर लागलं नाही तर विचारता येईल.